आफ्रिकेतली जुनी व्यापारी राज्यं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकातली आफ्रिका इजिप्तच्या पिरॅमिडपाशी सुरू होते आणि मग एकदम गुलामांच्या जहाजांपाशीच पुन्हा दिसते. मधल्या काळाबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लहानमोठी आहेत. जिथे पुरावा भरघोस आहे तिथे जास्त रेंगाळलो आहे.

आफ्रिका म्हणजे अख्खा खंड. नेमक्या कुठल्या राज्यांबद्दल बोलताय?

मुख्यतः चार पट्ट्यांबद्दल. नाईलच्या वरच्या अंगाला, आजच्या सुदानमध्ये, कुश. तांबड्या समुद्राजवळ इथिओपिया-एरिट्रियाच्या पठारावर अक्सुम. सहाराच्या दक्षिण कडेला एकामागून एक उभी राहिलेली घाना, माली आणि सोंघाई. आणि पूर्व किनाऱ्यावरची किल्व्यासारखी बंदरं, ज्यांना माल पुरवायचं आतलं झिंबाब्वेचं पठार. काळ साधारण इ.स.पू. २५०० पासून इ.स. १५९१ पर्यंतचा. इफे, बेनिन, कानेम, काँगो यांना इथे हात लावलेला नाही. एका पानात त्यांची नुसती नावं घेऊन पुढे जाण्यात अर्थ नाही.

राज्यं होण्याआधी तिथे काय होतं?

शेती होती, आणि ती आपल्या ताटापर्यंत पोचली आहे. ज्वारीची लागवड सर्वात आधी झाल्याचा पुरावा पूर्व सुदानमध्ये मिळतो, इ.स.पू. चौथ्या सहस्रकातल्या मडक्यांच्या खापरांवर उमटलेल्या दाण्यांच्या ठशांमधून. बाजरी मालीच्या उत्तर भागातल्या तिलेम्सी खोऱ्यात इ.स.पू. २५०० च्या सुमारास पेरली जात होती. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. ही तिन्ही धान्यं इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात भारतात येऊ लागली. चवळीही तिकडचीच. सोलापूरची भाकरी, खानदेशातली बाजरीची भाकरी आणि कोकणातलं नाचणीचं आंबील, सगळ्यांचं मूळ आफ्रिकेत. ‘आफ्रिकेने जगाला काय दिलं’ असं कोणी विचारलं, की मी सोन्याआधी हेच सांगतो.

मग लोखंड. आजच्या नायजेरियातल्या नोक संस्कृतीचे लोक इ.स.पू. पहिल्या सहस्रकात लोखंड गाळत होते आणि भाजलेल्या मातीचे मोठमोठे पुतळे घडवत होते. ते पुतळे १९२८ पासून कथिलाच्या खाणींत सापडायला लागले. कॅमेरून-नायजेरियाच्या सीमेवरून बांटू भाषा बोलणारे शेतकरी तीनएक हजार वर्षांत हळूहळू पूर्वेला आणि दक्षिणेला पसरले. त्यांनी कुठे दिग्विजय केला नाही. पिढी दर पिढी नवं रान मोडत ते पुढे सरकले.

कुश म्हणजे इजिप्तची नक्कल का?

नाही. कुशची पहिली राजधानी केर्मा. इ.स.पू. २५०० च्या आसपास वसलेल्या या शहरात कच्च्या विटांचं एक प्रचंड मंदिर आजही सुमारे १८ मीटर उंच उभं आहे. इजिप्तने मध्ये कुश जिंकलं, चार-पाच शतकं तिथे राज्य केलं. मग फासे उलटे पडले. इ.स.पू. ७२७ च्या सुमारास कुशचा राजा पिये याने इजिप्त जिंकलं आणि त्याचं घराणं पुढे इजिप्तचा २५ वा राजवंश म्हणून गणलं गेलं. त्याचा विजयाचा शिलालेख वाचण्यासारखा आहे. शरण आलेल्या राजाच्या पागेत वेढ्यामुळे उपाशी राहिलेले घोडे पाहून पिये भडकतो आणि म्हणतो की तुझ्या बाकी सगळ्या गुन्ह्यांपेक्षा मला याचं दुःख जास्त आहे.

पुढे राजधानी दक्षिणेला मेरोएला गेली. तिथे दोनशेहून जास्त पिरॅमिड आहेत, इजिप्तपेक्षा लहान आणि उभट चढाचे. बऱ्याच पिरॅमिडांचे माथे आज दिसत नाहीत, कारण १८३४ मध्ये फेर्लिनी नावाच्या इटालियन माणसाने खजिन्यासाठी ते फोडले. शहराभोवती लोखंड गाळून उरलेल्या मळीच्या टेकड्या आहेत. इथल्या राण्यांना कंदाके म्हणत. त्यांच्यातल्या अमानिरेनास राणीच्या काळात इ.स.पू. २५ च्या सुमारास कुशच्या सैन्याने रोमनांच्या ताब्यातल्या इजिप्तवर हल्ला केला आणि सम्राट ऑगस्टसच्या पुतळ्याचं काशाचं डोकं उचलून आणलं. ते एका देवळाच्या पायऱ्यांखाली पुरलं, म्हणजे येणाजाणाऱ्याचा पाय रोमच्या सम्राटावर पडावा! १९१० साली ते सापडलं. आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

अक्सुमचा आपल्याशी काही संबंध होता का?

होता, आणि लेखी पुराव्यासकट. पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ते पुस्तक पेरिप्लस नावाने ओळखलं जातं. त्यात अक्सुमचं बंदर अदुलिस आहे आणि आपल्याकडची भडोच, कल्याण आणि चौलही आहेत. अदुलिसहून हस्तिदंत, कासवाची पाठ आणि गेंड्याची शिंगं बाहेर जात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून तिथे लोखंड, पोलाद आणि सुती कापड येई. इथिओपियातल्या देब्रे दामो मठापाशी कुषाण राजांची १०० हून जास्त सोन्याची नाणी सापडली, ती या वाटेनेच गेली असणार.

तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात एंदुबिस राजापासून अक्सुमने स्वतःची सोन्याची नाणी पाडली. त्या काळी फार थोड्या राज्यांची ही ऐपत होती. चौथ्या शतकात एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नाण्यांवर आधीच्या चंद्रकोरीच्या जागी क्रूस आला. राजांच्या स्मारकांसाठी एकाच दगडातून कोरलेले स्तंभ उभारले जात. सर्वात मोठा ३३ मीटरचा, तो पडला. बहुधा उभा करतानाच पडला असावा. २४ मीटरचा दुसरा मुसोलिनीच्या राजवटीने १९३७ मध्ये रोमला नेला होता, तो २००५ मध्ये परत आला.

पश्चिम आफ्रिकेतली राज्यं सोन्याच्या खाणींमुळे श्रीमंत झाली ना?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वात जास्त चुकीची उत्तरंही याचीच मिळतात. सोनं होतं, पण खाणी राजांच्या ताब्यात नव्हत्या. बांबुक आणि बुरेच्या रानात तिथले गावकरी पावसाळा संपला की खड्डे खणून सोनं काढत आणि माती धुवून कण वेगळे करत. चौदाव्या शतकातला लेखक अल-उमरी लिहितो की मालीच्या राजांनी सोन्याचा मुलूख ताब्यात घेऊन तिथे इस्लाम आणायचा प्रयत्न केला, की उत्पन्नच घटायचं. म्हणून त्यांनी त्या लोकांना त्यांच्या धर्मासकट मोकळं सोडलं आणि खंडणीवर समाधान मानलं.

मग श्रीमंती आली कुठून? नाक्यावरून. उत्तरेला वाळवंटातलं मीठ, दक्षिणेला जंगलाकडचं सोनं आणि कोला फळं, मध्ये गवताळ पट्टा. ज्याच्या हातात हा मधला पट्टा, त्याच्या हातात दोन्हीकडचा माल. घानाची जकात कोर्दोबाच्या अल-बक्रीने १०६८ मध्ये नोंदवली आहे (तो स्वतः तिथे कधी गेला नव्हता, व्यापाऱ्यांना विचारून लिहिलं). मिठाचं एक गाढवभर ओझं राज्यात आलं की एक सोन्याचा दिनार, तेच बाहेर गेलं की दोन. तांब्याला पाच मिस्काल (एक मिस्काल म्हणजे सव्वाचार ग्रॅमच्या आसपास सोनं), इतर मालाला दहा. सोन्याचे गोळे सापडले तर ते राजाचे, नुसती सोन्याची भुकटी लोकांनी ठेवावी. नाहीतर बाजारात सोनं इतकं येईल की त्याची किंमतच राहणार नाही, असं कारणही त्याने दिलं आहे.

जुन्नरजवळचा नाणेघाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सातवाहनांच्या हातात कोकणातली बंदरं आणि देश यांच्यामधला घाट होता.

मिठाला एवढं महत्त्व का?

सहाराच्या दक्षिणेला मीठ दुर्मीळ, आणि उन्हात राबणाऱ्या माणसाला आणि गुरांना ते लागणारच. मीठ यायचं तेगाझ्यासारख्या वाळवंटातल्या खाणींतून. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतुता १३५२ मध्ये तिथे राहिला आणि वैतागला. गावात झाड नाही, पाणी खारट, माश्याच माश्या. घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, वर छपराला उंटाची कातडी. खाणीत गुलाम राबत. त्यांचं खाणं म्हणजे दूरवरून आलेले खजूर, उंटाचं मांस आणि दक्षिणेकडून आलेलं भरड धान्य. एका उंटावर दोन लाद्या लादत.

त्याने भावही दिले आहेत. उंटाचं एक ओझं वालाता गावी आठ ते दहा मिस्काल सोन्याला विकलं जाई, आणि मालीच्या राजधानीत वीस ते तीस, कधी चाळीसही. म्हणजे निव्वळ वाहतुकीने भाव तिप्पट-चौपट. लोक मिठाचे तुकडे करून तेच चलन म्हणून वापरत.

हाच इब्न बतुता त्याआधी आपल्याकडे दौलताबादला येऊन गेला होता आणि तिथल्या तळघरातल्या मांजरापेक्षा मोठ्या उंदरांबद्दल लिहून गेला होता. मग तो मालदीवला काझी झाला. तिथे कवड्या निघतात हे त्याने पाहिलं होतं, आणि दहाएक वर्षांनी नायजर नदीकाठच्या गाओमध्ये त्याच कवड्या चलनात दिसल्या, एका सोन्याच्या दिनाराला ११५०. हिंदी महासागरातलं एक बेट आणि सहाराच्या पलीकडचा बाजार एकाच व्यवहारात बांधले गेले होते, याला यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणार नाही.

उंट आला म्हणून व्यापार सुरू झाला, हे खरं का?

अर्धं खरं. साधारण तिसऱ्या-चौथ्या शतकापासून सहारात उंटाचा वापर वाढला आणि आठव्या शतकानंतर उत्तरेच्या अरब व बर्बर व्यापाऱ्यांनी नियमित तांडे सुरू केले. मोरोक्कोच्या कडेचं सिजिलमासा शहर ७५७ चं. पण त्याआधी दक्षिणेला काहीच नव्हतं, हा समज १९७७ मध्ये मोडला. मालीतल्या जेन्ने गावापासून तीनेक किलोमीटरवर जेन्ने-जेनो नावाचं टेकाड आहे. तिथे मॅकिंटॉश दांपत्याने खोदकाम केलं आणि वस्ती इ.स.पू. २५० च्या सुमारास सुरू झाल्याचं निघालं. म्हणजे तांड्यांच्या कित्येक शतकं आधी.

नायजरच्या पुराच्या पाण्यावर इथे आफ्रिकेचा स्वतःचा भात पिकत होता. गावाच्या आसपास लोखंडाचा खनिज दगड नाही, तरी लोहारकाम जोरात. दगडी जातीसुद्धा बाहेरूनच आणलेली. म्हणजे भात आणि मासळी देऊन बाकीचं घेणं चाललं होतं. आणि मला सर्वात विशेष वाटतं ते हे, की एवढ्या मोठ्या वस्तीत ना राजवाडा सापडला, ना गढी, ना श्रीमंताचं डोळ्यात भरणारं थडगं. लोहार, कोळी, शेतकरी यांच्या वेगवेगळ्या वस्त्या जवळजवळ टेकाडांवर वसलेल्या. शहर म्हटलं की राजा हवाच, हे गृहीतक इथे चालत नाही.

तेव्हाचा घाना म्हणजे आजचा घाना देश का?

नाही. जुनं घाना आजच्या मॉरिटानियाच्या दक्षिण आणि मालीच्या पश्चिम भागात होतं. सोनिंके लोक त्याला वगादू म्हणत. १९५७ मध्ये गोल्ड कोस्ट वसाहत स्वतंत्र झाली तेव्हा अभिमानाने ते नाव घेतलं गेलं.

मालीचा राजा मनसा मूसा जगातला सर्वात श्रीमंत माणूस होता का? ४०० अब्ज डॉलर वगैरे?

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या त्या आकड्याला काही आधार नाही. चौदाव्या शतकातल्या राजाची संपत्ती आजच्या डॉलरमध्ये मोजायची रीत अजून कोणी शोधलेली नाही. राज्याचं उत्पन्न आणि राजाचा खिसा यांतला फरकही तेव्हा आजच्यासारखा नव्हता.

जे माहीत आहे ते पुरेसं बोलकं आहे. किरिनाच्या लढाईनंतर, म्हणजे १२३५ च्या सुमारास, सुंदियाताने मालीचं राज्य उभं केलं. मूसा त्याच वंशातला. तो १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबला आणि दरबाऱ्यांपासून दुकानदारांपर्यंत सगळ्यांना सोनं वाटलं. अल-उमरी बारा वर्षांनी कैरोच्या लोकांकडून ऐकून लिहितो: मूसा येण्याआधी मिस्कालभर सोन्याला पंचवीस दिरहमपेक्षा (दिरहम म्हणजे चांदीचं नाणं) कमी भाव कधी नव्हता, तो आल्यावर बावीसच्या खाली गेला आणि अजून वर आलेला नाही. कैरोच्या व्यापाऱ्यांनीही मालीच्या भोळ्या यात्रेकरूंना एका दिनाराच्या कपड्याला पाच लावून हात धुवून घेतले. परतताना राजाकडचं सोनं संपलं आणि त्याला कैरोतल्याच सावकारांकडून चढ्या दराने कर्ज काढावं लागलं. जाहिरात मात्र पक्की झाली. १३७५ च्या कातालान नकाशात हातात सोन्याचा गोळा घेतलेला मूसा काढलेला आहे.

मालीतल्या टिंबक्टूत खरंच विद्यापीठ होतं का?

आजच्या अर्थाने इमारत, कुलगुरू, परीक्षा असं काही नव्हतं. सांकोरे आणि इतर मशिदींभोवती, आणि गुरूंच्या घरी, शिकणं चालायचं. कोणत्या गुरूकडे कोणता ग्रंथ वाचला याचा दाखला त्या गुरूकडून मिळे. पुस्तकांची हौस अफाट होती. अहमद बाबा या विद्वानाला मोरोक्कोच्या सैन्याने पकडून मर्राकेशला नेलं, तेव्हा त्याने तक्रार केली की माझी सोळाशे पुस्तकं गेली, आणि घरच्यांमध्ये सर्वात लहान संग्रह माझाच होता. २०१२-१३ मध्ये शहर सशस्त्र गटांच्या ताब्यात असताना तिथल्या कुटुंबांनी आणि ग्रंथपालांनी पत्र्याच्या पेट्यांत भरून हजारो हस्तलिखितं बामाकोला हलवली.

किल्वा, मोंबासा ही अरबांनी वसवलेली शहरं ना?

पूर्वी असंच छापलं जायचं. खोदकामात खालच्या थरांत मातीच्या कुडाची आफ्रिकी गावं सापडतात, त्यांच्यावर हळूहळू प्रवाळाच्या दगडाची घरं आणि मशिदी येतात. भाषा, स्वाहिली, बांटू कुळातली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुन्या हाडांच्या जनुकीय अभ्यासाने जास्त गुंतागुंतीचं चित्र दाखवलं. इ.स. १००० च्या सुमारापासून किनाऱ्यावरच्या बऱ्याच घराण्यांत पुरुषांकडून इराणी आणि स्त्रियांकडून आफ्रिकी वारसा मिसळला. आपले पूर्वज शिराझहून आले, या तिथल्या घराण्यांच्या कथेला इतिहासकार नाकं मुरडत, तिच्यात तथ्य निघालं. पण शहरं आफ्रिकी ती आफ्रिकीच.

वाऱ्याचं गणित कोकणातल्या माणसाला सांगायला नको. हिवाळ्यात ईशान्येकडून वारा, तेव्हा गलबतं तिकडे जायची. मग नैऋत्येचा सुरू झाला की परत. भारतातून कापड आणि काचेचे मणी जात. चौलला सापडलेल्या मण्यांची काच आणि पूर्व आफ्रिकेत सापडलेल्या काही मण्यांची काच रासायनिक तपासणीत एका जातीची निघाली आहे. किल्व्याचं मोठेपण पुन्हा नाक्याचंच. दक्षिणेला सोफाळा बंदरातून येणारं सोनं, आणि भारताकडून आलेली गलबतं एका मोसमात तिथपर्यंत जाऊन परत येऊ शकत नसत. १३३१ मध्ये इब्न बतुता तिथे गेला तेव्हा हुसुनी कुब्वा हा शंभराहून जास्त खोल्यांचा वाडा नुकता उभा राहिला होता, समुद्राकडे तोंड केलेल्या अष्टकोनी हौदासकट.

ग्रेट झिंबाब्वे परदेशी लोकांनी बांधलं असं वाचलं होतं.

ते वसाहतवाल्यांनी पसरवलेलं खोटं. मोठ्या कोटाची भिंत सुमारे २५० मीटर घेराची, काही ठिकाणी ११ मीटर उंच, आणि दगडांमध्ये चुना-माती काही नाही. ही अकराव्या ते पंधराव्या शतकात शोना भाषकांच्या पूर्वजांनी रचली. गोऱ्या वसाहतकारांना ते पचेना. शेबाची राणी, फिनिशियन, कोणीही चालेल, पण आफ्रिकन नको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे नेमलेल्या रिचर्ड हॉलने स्थानिकांचा ‘कचरा’ म्हणून कित्येक फूट थर उपसून टाकला. त्याच थरांत इतिहास होता. १९०५ मध्ये रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी हे काम आफ्रिकी असल्याचं पुराव्यानिशी मांडलं. तरी ऱ्होडेशियाच्या (झिंबाब्वेचं तेव्हाचं नाव) सरकारने पुढे अभ्यासकांवर दबाव आणला, आणि पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये देश सोडावा लागला. १९८० मध्ये स्वतंत्र देशाने या जागेचंच नाव घेतलं.

इथे चिनी भांड्यांचे तुकडे, काचमणी आणि किल्व्याचं एक नाणं सापडलं आहे. पण रोजची श्रीमंती गुराढोरांची. याच्या आधीच्या मापुंगुब्वे या राजधानीतही तसंच.

मग गुलामांच्या व्यापाराचं काय?

तो होता आणि या राज्यांच्या कमाईत होता. युरोपियन येण्याच्या कितीतरी आधीपासून सहारातून उत्तरेला आणि समुद्रातून अरबस्तान-भारताकडे माणसं विकली जात. इब्न बतुता १३५३ मध्ये ज्या तांड्यासोबत परतला, त्यात सुमारे सहाशे गुलाम स्त्रिया होत्या. तो हे मिठाच्या भावासारखंच सहज नोंदवतो. या राज्यांचं कौतुक करताना ही ओळ गाळणारे लेख मला पटत नाहीत.

आपल्या इतिहासात हाच धागा मलिक अंबरच्या रूपाने येतो. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला मुलगा अनेकदा विकला जाऊन दख्खनला पोचला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, मुघलांना गनिमी काव्याने जेरीस आणलं, खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) शहर वसवलं आणि १६२६ मध्ये वारला. ज्या निजामशाही पेशव्याने त्याला विकत घेतलं, तो चंगेजखानही हबशीच होता. अटलांटिकवरचा व्यापार नंतरचा, आणि प्रमाणात व क्रौर्यात त्याने सगळं चित्रच बदललं.

ही राज्यं संपली कशी?

प्रत्येकाची कथा वेगळी, पण वाट बदलणं हे कारण वारंवार दिसतं. तांबड्या समुद्रातला व्यापार हातचा गेला तसं अक्सुम आटत गेलं. किल्वा १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी लुटलं. पश्चिम किनाऱ्यावर त्यांनी १४८२ मध्ये एल्मिनाचा किल्ला बांधला आणि सोन्याचा काही भाग वाळवंटाऐवजी समुद्राकडे वळला. सोंघाई तेव्हाही बलाढ्य होतं. तिथल्या सोन्नी अली राजाने १४६८ मध्ये टिंबक्टू घेतलं होतं, नंतर अस्किया मुहम्मदने कारभार बसवला होता. पण गादीवरून भांडणं लागली आणि १५९१ मध्ये तोंदिबीला मोरोक्कोच्या बंदुकांपुढे सैन्य मोडलं. जिंकणाऱ्यांच्या हाती खाणी लागल्या नाहीतच, कारण त्या सोंघाईकडेही नव्हत्या. काही दशकांत मोरोक्कोच्या सुलतानाने तिकडचा नाद सोडला. मागे राहिलेले सैनिक तिथल्याच मुलींशी लग्नं करून टिंबक्टूचे झाले.

यातलं आज काय पाहता येतं?

ग्रेट झिंबाब्वे सर्वात सोपं, मास्विंगो गावाहून जवळ. मापुंगुब्वेचा लाकडावर सोन्याचा पत्रा मढवलेला छोटा गेंडा प्रिटोरिया विद्यापीठाच्या संग्रहात आहे. मेरोए, टिंबक्टू आणि जेन्नेचा बेत करण्याआधी सुदान आणि मालीतली परिस्थिती नीट पाहून घ्या. २०२३ पासून सुदानमध्ये युद्ध पेटलं आहे. किल्व्याला टांझानियातल्या किल्वा मासोकोहून होडीने जातात. परवाना त्याच गावात मिळतो, आणि बेटावर सावली कमी असल्याने सकाळची होडी धरलेली बरी.